एमपीसी देणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता किंवा चहा टाकायला उठता, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. शिवाय तुम्ही मला जे शिकवलंत ते बीट बनवणाऱ्या बऱ्याच पोरापोरींच्या उपयोगाचं आहे, आणि जिंगलच्या स्टुडिओत आयुष्य काढलेला माणूस प्रत्येकाच्या वरच्या मजल्यावर राहत नाही.

मशीन दिलीत त्याबद्दल आभार आहेतच. अकाई कंपनीची एमपीसी 2000एक्सएल, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून पॅडवर वाजवायची मशीन, 1999 साली बाजारात आलेलं मॉडेल, सोळा रबरी पॅड, बाजूला फ्लॉपी. "पडून आहे, ने" एवढंच म्हणालात. पण सोबत अट घातलीत: गाणं याच डब्यात सुरू करायचं आणि याच डब्यात संपवायचं. सॅम्पल (आवाजाचा तुकडा) घेणं, कापणं, ठेका, मिक्स, सगळं. लॅपटॉप उघडायचा तो शेवटी तयार गाणं उतरवून घ्यायला. मला तेव्हा ही अट म्हणजे जुन्या माणसाचा हट्ट वाटली होती.

या मशीनची मेमरी 32 एमबीपर्यंत वाढवता येते. तुमच्या मशीनमध्ये मात्र कारखान्यातून आलेली 2 एमबीच आहे, म्हणजे मोनोमध्ये जेमतेम वीस-बावीस सेकंद. त्यात किक, स्नेअर, हाय-हॅट, बास आणि वर एखादा सुरेल तुकडा. लॅपटॉपवर मी अख्खं गाणं ओढून घ्यायचे आणि नंतर बघू म्हणायचे. इथे रेकॉर्डचं बटण दाबायच्या आधीच ठरवावं लागतं की मला या तबकडीतलं नेमकं काय हवंय. "आधी ऐक, मग ठरव, मग घे," हे तुमचं पालुपद. माझ्या कामात जो काही फरक पडला तो या तीन शब्दांच्या क्रमामुळे पडलाय.

मी कुरकुर केली की तुम्ही न्यूयॉर्कच्या हिप-हॉपवाल्यांची गोष्ट काढायचात. ई-म्यू कंपनीची एसपी-1200, अशीच सॅम्पल घेणारी मशीन, आली 1987 मध्ये. तिच्यात सगळे मिळून 10 सेकंद, आणि एक सॅम्पल अडीच सेकंदांपेक्षा मोठं नाही. म्हणून ती मंडळी 33 आरपीएमची तबकडी 45 वर फिरवून रेकॉर्ड करत आणि मशीनमध्ये सूर परत खाली आणत, साधारण सव्वापाच सेमीटोन. दहा सेकंदांत साडेतेरा सेकंदांचा माल बसायचा. मशीन 12 बिटची, सॅम्पल रेट 26.04 किलोहर्ट्झ, म्हणजे आवाज मुळातच जाडाभरडा टिपणारी; त्यात सूर खाली ओढला की आवाजाला खरखरीत, धातूसारखी कड यायची. जागा वाचवायला काढलेल्या युक्तीतून त्या काळच्या हिप-हॉपचा रंग ठरला. आता ती खरखर घालणारी प्लगइन विकत मिळतात. यावर तुम्ही पोट धरून हसला होतात, कारण तुमच्या स्टुडिओत गिऱ्हाईक ती खरखर काढण्याचे पैसे द्यायचं.

कापणं मात्र तुम्ही गोष्टीतून शिकवलं नाहीत, ते हात धरून शिकवलंत. सॅम्पलच्या सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता राहिली, तर पॅड कितीही वेळेवर दाबा, ठोका मागेच पडतो आणि आपण उगाच स्वतःच्या हाताला दोष देतो. फार आत कापलं तर काठीचा पहिला आघातच जातो, स्नेअर मऊ पडते. तुम्ही पडद्यावर पोस्टकार्ड आडवं धरलंत आणि सुरुवातीचा बिंदू फक्त कानाने शोधायला लावलात. कार्ड काढून पडद्यावरची आवाजाची लाट बघायची परवानगी नंतर, तीही कापताना टिक्क असा आवाज आला तरच. मग दोन मापांचा तुकडा आठ पॅडवर वाटायचा आणि पॅड मोनोवर ठेवायचे, म्हणजे पुढचा तुकडा वाजला की आधीचा गप्प होतो. एरवी सगळ्या शेपट्या एकमेकींत गुंततात. ते तुकडे उलटसुलट वाजवता वाजवता मूळ गाण्यात नसलेली चाल हाताखाली आली, तेव्हा मी खुर्चीतून उडाले होते. तुम्ही म्हणालात, "चांगलंय. आता अर्धे पॅड काढ."

स्विंगचं, म्हणजे ठेक्यातल्या नोटा मुद्दाम थोड्या उशिरा टाकण्याचं, गणितही तुमच्यामुळेच डोक्यात शिरलं. एमपीसी एका ठोक्याचे 96 भाग (टिक) करते, म्हणजे सोळाव्या भागाची नोट, अर्थात पाव ठोका, 24 टिकांची. स्विंग 50 टक्के असेल तर सगळ्या नोटा सारख्या अंतरावर पडतात. 54 केलं की जोडीतली दुसरी नोट दोन टिक उशिरा येते. मिनिटाला 90 ठोक्यांच्या टेम्पोला हा उशीर 14 मिलिसेकंदांच्या आसपास. ऐकणाऱ्याला उशीर जाणवत नाही, मान मात्र हलायला लागते. 66 पर्यंत नेलं की सरळ तिनाची चाल होते, पहिली नोट दोन भाग, दुसरी एक. "केरवा लिहिताना मात्रा सारख्याच लिहितात, वाजवताना कोण सारख्या वाजवतो?" हे तुमचं वाक्य मला कुठल्याही मॅन्युअलपेक्षा जास्त उपयोगी पडलं. स्विंग मशीनमध्ये आणणारा रॉजर लिन, ज्याने पहिली एमपीसी, 1988 ची एमपीसी60, अकाईसाठी घडवली. आणि ते झुगारून क्वांटाइझ (नोटा आपोआप ठरल्या जागी बसवणं) बंद करून बोटांनी वाजवणारा डेट्रॉइटचा बीट बनवणारा जे डिला. त्याची एमपीसी3000 आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. तुम्ही मला दोघांचंही ऐकवलंत, पण आधी 54 आणि 58 मधला फरक डोळे मिटून सांगता आल्यावरच क्वांटाइझ बंद करू दिलंत. हा क्रम बरोबर होता असं मला अजूनही वाटतं, माझ्या मित्रांना पटत नसलं तरी.

एक गोष्ट तुम्ही चिडून सांगितलीत. दुसऱ्याचा आवाज घेताना विचारायचं. 2002 मध्ये एका अमेरिकन गाण्यात लताबाईंचा आवाज न विचारता वापरला गेला आणि प्रकरण लॉस एंजेलिसच्या कोर्टात पोचलं, ते तुम्ही सालासकट सांगितलंत. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. चाल आणि शब्द यांचा हक्क त्याहून वेगळा, तो संगीतकार-गीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. म्हणजे तबकडी मोकळी झाली तरी चाल मोकळी झाली असं नाही. हे कळल्यापासून मी बहुतेक आवाज स्वतःच रेकॉर्ड करते. त्यामुळे कामाचा वेग कमी झाला, त्याची तक्रार नाही.

आता कामाचं. फ्लॉपीचा ड्राइव्ह कुरकुरायला लागला होता, म्हणून त्याच्या जागी पेनड्राइव्ह घेणारा बसवून घेतलाय. त्याआधी तुमच्या खोक्यातल्या फ्लॉपी उतरवून घेतल्या. एक-दोन वाचता आल्या नाहीत, बाकीच्या धड आहेत. एकीवर तुमच्या अक्षरात लिहिलंय, "हलगी, ॲड नापास". तीन ठोके आणि एक लांब कडकडाट, बस. असली हलगी मी कुठे ऐकलेली नाही, आणि नवीन बीटमध्ये मला तीच हवी आहे. लेबलवर वाजवणाऱ्याचं नाव नाही. तुम्हाला आठवत असेल तर कळवा, किंवा त्यांच्या घरच्यांचा पत्ता तरी. विचारून, नाव देऊन आणि पैसे देऊनच वापरेन. तोपर्यंत तो पॅड रिकामा ठेवलाय.

कळावे, लोभ असावा.

तुमची शिष्या
(हा शब्द तुम्हाला आवडत नाही, तरीही)