एसएसबीला निघण्यापूर्वी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

टॅटच्या, म्हणजे चित्र पाहून गोष्ट लिहायच्या चाचणीच्या, किती गोष्टी पाठ करू, असं तू फोनवर विचारलंस. एकही नको. एसएसबी म्हणजे सैन्यदलांसाठी अधिकारी निवडणारी मुलाखत, त्या पाच दिवसांत तुला तिघं तीन बाजूंनी पाहतात. मानसशास्त्रज्ञ तू लिहिलेलं वाचतो, गटाच्या चाचण्या घेणारा अधिकारी, जीटीओ, तुला मैदानावर पाहतो आणि मुलाखतीचा अधिकारी तुझ्याशी बोलतो. मनसा, कर्मणा, वाचा म्हणतात ते हेच. शेवटच्या दिवशीच्या कॉन्फरन्समध्ये तिघांची मतं एकत्र येतात. तुझ्या गोष्टीतली मुलगी पुरातून गाव वाचवते आणि ग्राउंडवर तू फळी धरायलाही पुढे होत नाहीस, तर तो मेळ तिथे बसत नाही. निवड बहुतेकदा अशाच ठिकाणी अडते.

म्हणून सुरुवात पीआयक्यूपासून कर. हा माहितीचा फॉर्म पहिल्याच दिवशी घाईत भरावा लागतो आणि मुलाखतीचे निम्मे प्रश्न त्यातूनच निघतात. घरीच एका कागदावर सगळं उतरवून काढ. दहावी-बारावीचे टक्के, खेळ कुठल्या पातळीवर खेळलीस, कोणत्या जबाबदाऱ्या घेतल्यास, छंद, सगळं. छंदात ‘वाचन’ लिहिलंस तर शेवटी वाचलेलं पुस्तक कोणतं, त्यात काय पटलं नाही, हे सांगता आलं पाहिजे. नाहीतर तो छंद लिहूच नकोस. अधिकारी एकदम आठ-दहा प्रश्नांची माळ लावतो. नववीपासूनचे टक्के सांग, कोणते शिक्षक आवडले, का आवडले, कोणते नाही, मित्रमैत्रिणी कोण, मोकळ्या वेळात काय करतेस. ओळीने उत्तरं देत जा. एखादा सुटला तर सुटला, तो पुन्हा विचारेल. एखाद्या विषयात टक्के घसरले असतील तर खरं कारण एका वाक्यात सांगायचं. शिक्षकांवर ढकलायचं नाही.

पहिल्या दिवशी स्क्रीनिंग असतं आणि त्यातच बरेचजण घरी परततात. आधी बुद्धिमत्तेच्या चाचण्या, मग पीपीडीटी. धूसर चित्र ३० सेकंद दिसतं, माणसांचं वय आणि मनःस्थिती टिपायला एक मिनिट, मग गोष्ट लिहायची. पुढे ती गटात एका मिनिटात सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. इथे हमखास मासळी बाजार होतो. ओरडून त्यात भर घालू नकोस, पण गप्पही बसू नकोस. दोन-तीनदाच बोल, मात्र मुद्द्याचं. आपलीच गोष्ट रेटणारा तर लगेच डोळ्यावर येतो.

टॅटमध्ये ११ चित्रं आणि एक कोरी स्लाइड असते. प्रत्येक चित्र ३० सेकंद पाहायचं आणि ४ मिनिटांत लिहायचं. आधी काय घडलं, आता काय चाललंय, शेवट काय झाला. चित्रात असेल तेच घे. शेतातल्या म्हाताऱ्याच्या चित्रावर रक्तदान शिबिर चिकटवणारे दर बॅचला असतात.

वॅटमध्ये ६० शब्द, प्रत्येकावर मनात येईल ते वाक्य लिहायला १५ सेकंद. ‘फेल’ आला की अर्धा हॉल ‘अपयश ही यशाची पायरी’ लिहितो. सुविचारातून माणूस दिसत नाही. ‘नापास झालेला पेपर तिने रविवारी पुन्हा सोडवला’ यातून दिसतो. तिथे तू इंग्रजीतच लिहिशील, पण विचार असा साधा ठेव. एसआरटीत ६० प्रसंग, प्रत्येकात तू काय करशील ते लिहायचं, ३० मिनिटं. परीक्षेला जाताना पाकीट चोरीला गेलं, तर ‘पोलिसांत तक्रार दिली’ एवढ्यावर थांबू नकोस. परीक्षेचं काय झालं ते कळायला हवं. अवघड तेवढे गाळलेस तर गाळलेल्यांचाही अर्थ लागतो.

ग्राउंडवरच्या गटकामात फळ्या-दोर वापरून सगळ्या गटाने सामानासकट अडथळे पार करायचे असतात, तिथे नियम नीट ऐक. पांढऱ्या रंगाच्या भागावर माणूस आणि सामान दोन्ही चालतात, लाल पूर्ण वर्ज्य, बाकीचे रंग जीटीओ सांगेल तसे. चार फुटांपेक्षा जास्त अंतर उडी मारून पार करता येत नाही, तिथे पूलच बांधावा लागतो. फळी आधारापुढे सरकवलीत की मागच्या टोकावर दोघांनी भार द्यायचा, नाहीतर पुढची मुलगी निघाली की फळी उलटते. कल्पना आठ जणांकडे असतात, मागे बसून भार द्यायला कोणी तयार नसतं. तिथे बस. जीटीओ ते पाहतो.

वैयक्तिक अडथळे १०, वेळ ३ मिनिटं, प्रत्येकावर लिहिलेल्या आकड्याएवढे गुण. आकड्यांच्या क्रमाने धावलीस तर मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या होतात आणि वेळ त्यातच जातो. अडथळे दाखवतात तेव्हाच जवळजवळच्यांची साखळी मनात लाव. दोर चढताना तो पायांच्या कैचीत घट्ट धरायचा, नुसत्या हातांवर चढलीस तर मध्येच दम जातो. ही सवय लागायला महिना तरी लागतो, तेव्हा आजपासूनच सुरू कर.

लेक्चरेटला, म्हणजे गटासमोरच्या छोट्या भाषणाला, चिठ्ठीवर चार विषय, तयारीला ३ मिनिटं, बोलायला ३. भारदस्त विषय सोड, जो माहीत आहे तो घे.

कॉन्फरन्सला सगळे अधिकारी समोर असतात, पण काम बहुधा काही मिनिटांचंच. पुन्हा संधी मिळाली तर काय वेगळं करशील, असं विचारलं तर चुकलेली खरी गोष्ट सांग. ती त्यांनी पाहिलेलीच असते.

मूळ प्रमाणपत्रं, फोटो आणि पासबुकाची झेरॉक्स एकाच फायलीत ठेव. पहिल्यांदा येणाऱ्यांना रेल्वेभाडं मिळतं, म्हणून तिकीट जपून ठेव. पीटीचे पांढरे बूट आजच वापरायला काढ आणि रोज ते घालून पळ. टाचेला फोड यायचे तर इथेच येऊ देत.

तुझे,
बाबा