रबाळ्याच्या वर्कशॉपवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचा मुलगा हे मोबाइलवर वाचून दाखवेल, म्हणून जाहीरच लिहितेय. रिपोर्ट आले. पीएलएची, म्हणजे त्या वनस्पतीजन्य प्लास्टिकची, ती पारदर्शक फिल्म दुधी झाली होती ना, ती स्फटिकांमुळेच. तापवताना आलेखात 100 डिग्रीच्या पुढे जो उंचवटा यायचा, तो गायब! म्हणजे एरवी तिथे बनणारे स्फटिक आधीच बनून बसलेत.

तुमच्याआधी ते प्रेशर व्हेसल, म्हणजे फिल्म दाबाखालच्या गॅसमध्ये ठेवायचं आमचं भांडं, दुरुस्तीसाठी घेऊन मी ठाणे-बेलापूर रोड पालथा घातला होता. कुठे ‘सर रजेवर आहेत’, कुठे ‘लेटरहेडवर आणा’. आणलं, तर ‘आता मार्चएंड आहे’. एका एसी केबिनमधल्या साहेबांनी तर व्हेसलकडे नजरही न टाकता कॉलेजच्या पोरांची कामं घेत नाही म्हणून वाटेला लावलं. तुम्ही मात्र झाकण उघडलंत, फोड आलेली रबरी रिंग नखाने दाबून पाहिलीत आणि विचारलंत, “ताई, आत शिजवता काय?”

मग मी सुटलेच. कार्बन डायऑक्साइड दाबाखाली प्लास्टिकमध्ये मुरतो, गुंतलेल्या साखळ्या सैल करतो. एरवी पीएलए 60 डिग्रीच्या आसपासपर्यंत ताठ असतं; गॅस मुरला की साखळ्या त्याहून कमी तापमानाला हलू लागतात, रांगेत बसतात. स्फटिक नीट धरले तर कप गरम चहाने मऊ पडत नाही. पण जास्त गॅस म्हणजे जास्त स्फटिक, इतकं सरळ नाही. वितळबिंदूही उतरतो, मग वितळलेल्या मालात स्फटिक धरायलाच उशीर होतो. सगळं ऐकून तुम्ही म्हणालात, “म्हणजे सोड्याची बाटलीच की! रिंगेतही हाच मुरला. झटक्यात सोडला की फुगणारच.” आमच्या सेमिनारमध्ये इतकं नेमकं कुणी बोलत नाही.

टेफ्लॉनची रिंग बसवलीत, ते तुमचं कामच होतं. पण चाचणीच्या दिवशी पोराला घरी धाडून, शटर अर्धं ओढून तुम्ही स्टूल घेऊन व्हॉल्व्हपाशी बसलात, ते काम नव्हतं. “तुम्ही आकडे लिहा, हे माझ्याकडे.” व्हॉल्व्ह केसभर फिरवायचा, गेजकडे बघायचं, थांबायचं. नळीच्या तोंडावर पांढरं हिव धरलं, तर फडकं गुंडाळलंत. घाईने गॅस सोडला असता तर फिल्म फुग्यांनीही पांढरीच झाली असती, मग स्फटिक कुठले नि फुगे कुठले, कोण सांगणार? घरून दोनदा फोन आला. “येतो गं, पोरीचं काम चाललंय” एवढंच म्हणालात.

मोठ्या खुर्च्यांवर हा धीर मला दिसला नाही. आपला फायदा नसताना दुसऱ्याचं काम नीट व्हावं म्हणून बसून राहणारी माणसं आहेत, म्हणून आमच्यासारख्यांची गाडी पुढे सरकते.

बिलात तुम्ही फक्त रिंग लावलीत. मजुरी द्यायला सोमवारी येतेय. नाही म्हणालात तर काकूंच्या हातात ठेवून जाईन.

तुमची,
व्हेसलवाली ताई