पुळणीखालचा पांढरा पट्टा

मा. संपादक,

मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या प्लॉटवर शोषखड्डा काढायला जेसीबी आला होता, दापोली तालुक्यातच, समुद्र चालत पाचेक मिनिटांवर. मी आपला सहज बघायला गेलो तर खड्ड्याच्या भिंतीत कमरेएवढ्या खोलीवर वीतभर जाड पांढरट पट्टा, तिसऱ्यांचे शिंपले नि शंख नुसते ठासून भरलेले, वर पण साधी पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, खाली पण साधी पुळण. ड्रायव्हर म्हणाला काका बाजूला व्हा, आणि दहा मिनिटांत सगळं ट्रॉलीत. फोटो काढायचंही सुचलं नाही, त्याची चुटपुट अजून आहे.

त्सुनामीची लाट आत घुसली की वाळू-शिंपल्यांचा असा थर मागे राहू शकतो, पण तो पट्टा त्सुनामीचाच होता असं मी म्हणत नाही हां. उधाण, वादळ यांनी पण वाळू आत येतेच. पण आमच्याच तालुक्यात केळशीला, याकूबबाबांच्या दर्ग्याकडे जी वाळूची टेकडी आहे, तिच्यावर डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठेंनी बरंच काम केलं आणि नंतर भूकंपांचा अभ्यास करणारे सी. पी. राजेंद्रन यांच्या टीमला तिथे शिंपल्यांचा असाच लांबलचक थर मिळाला, वय निघालं पंधरावं ते सतरावं शतक. आता सप्टेंबर १५२४ मध्ये वास्को द गामा तिसऱ्यांदा हिंदुस्थानात येत होता तेव्हा दाभोळच्या बाजूला भर समुद्रात त्याची जहाजं गदगदा हलल्याचं पोर्तुगीजांनी लिहून ठेवलंय, म्हणजे समुद्राखाली भूकंप झाला असणार, त्यामुळे हा थर त्याच वेळच्या त्सुनामीचा असावा असा राजेंद्रन यांच्या टीमचा अंदाज. आणि मकरानच्या, म्हणजे पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्याच्या, बाजूने लाट आपल्याकडे येते हे काही पुराणातलं नाही, २८ नोव्हेंबर १९४५ ला पार मुंबईपर्यंत आली होती, माणसं बुडाली होती.

मग वादळाची वाळू कुठली आणि त्सुनामीची कुठली हे कसं ओळखायचं? वादळात लाटा एकामागून एक आपटत राहतात म्हणून बारीक बारीक पापुद्रे दिसतात आणि वाळू बहुतेक किनाऱ्याजवळच थांबते. त्सुनामीचं पाणी मात्र मिनिटंच्या मिनिटं आत घुसतच राहतं, त्यामुळे वाळूची चादर लांबवर जाते नि जाता जाता पातळ होते, जाड दाणे खाली बारीक वर, तळाला जुनी जमीन खरवडलेली, मध्येच चिखलाची ढेकळं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली खोल पाण्यातल्या बारीक जिवांची कवचं. यातल्या एका खुणेवर कोणी ठाम बोलायला लागलं तर सरळ दुर्लक्ष करावं, चारपाच खुणा जुळाव्या लागतात आणि तरी वाद होतातच.

हे सगळं कशाला, असं म्हणाल तर जपानचं बघा. सेंदाईच्या भातखाचरांखाली सन ८६९ च्या त्सुनामीची वाळू किनाऱ्यापासून तीनचार किलोमीटर आत सापडली होती, २००९ मध्ये अणुभट्ट्यांच्या सुरक्षेच्या सरकारी बैठकीत एका भूशास्त्रज्ञाने तो विषय काढला पण होता, आणि ११ मार्च २०११ ला त्सुनामीने फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांचं काय झालं ते आपण टीव्हीवर बघितलं. तेव्हा सुद्धा पाणी वाळू जिथे थांबली त्याच्या बरंच पुढे गेलं होतं, म्हणजे थर जिथे संपतो तिथून पुढे सेफ असंही समजायचं कारण नाही.

आमच्याकडे आता रिसॉर्ट, बंगले, स्विमिंग पूल, जिकडे बघाल तिकडे खड्डे. बांधकाम बंद करा असं कोणी म्हणत नाहीये, पण किनाऱ्याच्या गावात परवानगी देताना एवढी एक अट घालता येईल की खड्डा काढल्यावर एक दिवस तसाच ठेवायचा, भिंतीचे फोटो खोली मोजून काढायचे आणि जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागाला कळवायचं. खर्च शून्य. थर एकदा ट्रॉलीत गेला की वाळू काय तुळशी वृंदावनाखाली पण जाईल, त्यातून काही कळणार नाही.

दिवाळीनंतर त्याच प्लॉटच्या पलीकडे आणखी एक खड्डा पडणार आहे, मालकाशी बोलून ठेवलंय, मी टेप नि मोबाइल घेऊन सकाळपासून तिथेच असेन. कोणा भूशास्त्रवाल्यांना यायचं असेल तर जरूर या, चहाची सोय आहे.

आपला,
एक वाचक, ता. दापोली