बीकनमागे जाणारा रोबोट

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय सुहास,

बीकनमागे, म्हणजे कानाला न ऐकू येणारा अल्ट्रासॉनिक आवाज सोडणाऱ्या खुणेच्या डब्यामागे, जाणाऱ्या रोबोटचं तुझं सर्किट पाहिलं. डाव्या-उजव्या रिसीव्हरपैकी कुठे आवाज मोठा, त्यावरून रोबोट वळवायचं ठरवलंयस. ते सोड. भिंतीवरून परतलेला आवाज कधीकधी थेट आलेल्यापेक्षा मोठा भरतो, आणि गाडी भिंतीकडे पळते. त्याऐवजी आधी कुठे पोचला ते मोज. रिसीव्हर 12 सेंटिमीटर अंतरावर लाव. बीकन अगदी बाजूला असला की फरक साधारण 350 मायक्रोसेकंद पडतो. आर्डुइनो ऊनो बोर्डला तेवढा पुरतो. दोन्ही रिसीव्हरची पहिली एज (सिग्नलची पहिली उडी) मिळाली की 40 मिलिसेकंद दोन्ही कान बंद, म्हणजे प्रतिध्वनी विरतो.

बीकनला 555 टायमर चिप नको. ट्रान्सड्यूसर, म्हणजे आवाज काढणारा भाग, 40 किलोहर्ट्झच्या अगदी आसपासच जोरात वाजतो, आणि 555 तापमानाबरोबर सरकतो. आपल्याकडे जानेवारीची पहाट 10 अंशांखाली, मे महिना 40 ला! 16 मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालणाऱ्या मायक्रोकंट्रोलरचा टायमर 1 सीटीसी-टॉगलमध्ये (ठरल्या आकड्याला पोचला की पिन उलटते) चालव, प्रीस्केलर (घड्याळाचा वेग भागणारा) नको, ओसीआर1ए या आकड्याच्या रजिस्टरमध्ये 199 टाक; नेमके 40 किलोहर्ट्झ मिळतात. 16 पल्स सोडायच्या, मग 50 मिलिसेकंद शांतता.

खरी गोम रिसीव्हरमध्ये आहे. एलएम358 या ऑप-अँपला (सिग्नल वाढवणाऱ्या चिपला) 40 किलोहर्ट्झवर एका स्टेजमध्ये जेमतेम 20-25 गेन, म्हणजे तेवढीच पट वाढ, निघतो, तू 100 धरलायस. टीएल072 घे, दोन स्टेज, प्रत्येकी 330 के आणि 10 के रेझिस्टर, मध्ये 1 नॅनोफॅरड कपॅसिटर. मोटरची घरघर तिथेच गळते. त्याला 12 व्होल्ट दे, 5 वर तो नीट चालत नाही. दोन 10 के आणि 10 मायक्रोफॅरडने 6 व्होल्टचा मध्य काढ. पुढे एलएम393 (दोन व्होल्टेजची तुलना करणारा कंपॅरेटर) सुद्धा 12 वरच, पण आउटपुटचा 10 के पुलअप 5 व्होल्टला बांध, नाहीतर ऊनोची पिन गेली. थ्रेशोल्ड मध्यापेक्षा 200-300 मिलिव्होल्ट वर, प्रीसेटने (फिरवायच्या छोट्या रेझिस्टरने). ब्रेडबोर्डवर एवढा गेन स्वतःच शिट्टी मारतो, तेव्हा थेट झिरो पीसीबीवर (भोकं असलेल्या साध्या बोर्डवर) सोल्डर कर. रिसीव्हरची वायर शील्डेड घे, आणि डब्याला जोडलेली पिन ग्राउंडला जाऊ दे.

बीओ मोटरच्या (चाकं फिरवणाऱ्या छोट्या गिअर मोटरच्या) टर्मिनलवर 100 नॅनोफॅरड सिरॅमिक हवाच. रिसीव्हर चासिसला फेविक्विकने चिकटवू नकोस, गिअरची खरखर थेट आत जाते. फोमच्या तुकड्यात बसव.

आणि चाचणी अंबड एमआयडीसीतल्या शेडमध्ये करणार असशील तर कॉम्प्रेसर आधी बंद कर. हवेच्या गळतीतून 40 किलोहर्ट्झचा आवाजही निघतो, कानाला तो कळत नाही, रोबोट मात्र पाइपापाशी जाऊन थांबतो.

तुझा,
विनय