सेवाकेंद्राची पारख अंथरुणापाशी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुणे, ठाणे, नाशिक या शहरांत बंगल्यांमधून आणि जोडून घेतलेल्या फ्लॅटमधून वृद्धांना ठेवून घेणारी केंद्रे चालतात. कुणी त्यांना वृद्धाश्रम म्हणते, कुणी केअर सेंटर, कुणी नर्सिंग होम. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली, खुब्याच्या ऑपरेशननंतर पुन्हा उभी न राहिलेली, स्मृतिभ्रंश झालेली माणसे तिथे येतात. नातेवाइकांच्या हाती निवडीसाठी जेमतेम एक-दोन दिवस असतात, कारण रुग्णालयाने डिस्चार्ज दिलेला असतो. तेवढ्या वेळात बाग, देवघर, जेवणाचा तक्ता आणि महिन्याचा आकडा पाहिला जातो. परदेशातला मुलगा व्हिडिओ कॉलवर खोली बघतो आणि डिपॉझिट भरतो. शुश्रूषा कशी होते हे यातल्या एकाही गोष्टीवरून समजत नाही. ते समजते माणसाच्या कातडीवरून, वजनावरून, पोटात गेलेल्या पाण्यावरून आणि रात्री दोन वाजता त्या मजल्यावर किती जण जागे असतात यावरून.

सुरुवात पाठीपासून करावी. ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी वळवावे लागते. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबून राहिली की तिथे रक्त पोहोचत नाही आणि जखम होते. जागा ठरलेल्या आहेत: माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरे, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू. आपल्या माणसाचे पांघरूण बाजूला करून या जागा पाहण्याचा हक्क नातेवाइकांना आहे, त्यात संकोच नको. लाल डाग दिसला तर त्यावर बोट दाबून उचला. डाग क्षणभर फिका पडून पुन्हा लाल झाला तर रक्त खेळते आहे. दाबूनही तसाच लाल राहिला तर ती बेडसोअरची सुरुवात समजा. सावळ्या अंगावर लाली चटकन दिसत नाही, तिथे हात लावून पाहावे. ती जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागते आणि रंग जांभळट-काळसर होतो.

अशा डागावर तेल लावून चोळतात, तेही मायेपोटी. पण चोळल्याने आतल्या पेशी आणखी दुखावतात. मध्ये भोक असलेली गोल रिंग खाली देतात, तिच्या कडेचा दाब मधल्या भागाचा रक्तपुरवठा आवळतो. टाच वाचवायची असेल तर उशी पोटरीखाली द्यावी, टाच अधांतरी राहिली पाहिजे. कुशीवर वळवताना एकदम काटकोनात वळवले तर सगळा भार खुब्यावर येतो. पाठीमागे उशी देऊन तीस अंशांपर्यंत कलते ठेवणे बरे. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नये. अंगाखालची आडवी चादर दोन्ही बाजूंनी दोघांनी धरून उचलावे. केंद्रातल्या एकट्या सेविका मावशीने ओढले की पाठीची कातडी सोलवटते, आणि अशा सोलवटलेल्या जागेला लघवी लागली की जखम खोल जायला वेळ लागत नाही.

‘आमच्याकडे एअर बेड आहे, वळवायची गरज नाही’ हे वाक्य ऐकले की सावध व्हावे. एअर बेड मदत करतो, वळवण्याची जागा घेत नाही. पंप सुरू आहे का, नळी कॉटखाली मुडपलेली नाही ना, दाब वजनाप्रमाणे लावला आहे का, हे बघा. मग माकडहाडाच्या बरोबर खाली, हवेच्या गादीखालून तळहात सरकवा. माणूस आणि हात यांच्यामध्ये इंचभर हवाही लागत नसेल, तर ते हाड जवळजवळ कॉटवरच टेकले आहे.

वळवल्याची नोंद कॉटला लावलेल्या तक्त्यावर असते. दुपारी एकला गेलात आणि चारच्या रकान्यात खूण आधीच झालेली असली, किंवा दिवसभराच्या सगळ्या खुणा एकाच शाईत, एकाच दमात केलेल्या दिसल्या, तर तक्ता कागदापुरताच आहे.

आता पाणी. रात्री डायपर बदलायला लागू नयेत म्हणून संध्याकाळपासून पाणी आखडते घेण्याची वाईट खोड अनेक ठिकाणी असते. त्यातून गुंगी, बरळणे, बद्धकोष्ठता आणि लघवीचा संसर्ग होतो, आणि घरच्यांना सांगितले जाते की वयामुळे होते आहे. हृदय किंवा किडनीच्या आजारासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितले असेल तर गोष्ट वेगळी. एरवी कोरडी, चिरा पडलेली जीभ आणि गडद पिवळी लघवी पुरेसे सांगून जातात. डायपरचा हिशेबही बोलका असतो. चोवीस तासांत चार-पाच लागायला हवेत, शौच झाली की लगेच बदलायला हवा. दोनच लागत असतील तर एक तर पाणी कमी जाते आहे किंवा माणूस ओल्यात पडून राहतो आहे. आणि खोलीत फिनेलचा किंवा अत्तराचा वास भपकन आला तर तो कशावर मारला आहे, हे विचारावे.

वजन दर महिन्याला व्हायला हवे. महिन्यात पाच टक्के घट, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाची अडीच किलो, ही डॉक्टरांना दाखवण्याची गोष्ट आहे. उभे राहता येत नसेल तर दंडाचा घेर टेपने मोजून लिहून ठेवता येतो. टेप दहा-वीस रुपयांना मिळते, त्यामुळे ‘आमच्याकडे सोय नाही’ हे उत्तर चालू देऊ नये.

भेटीला जायचे तर जेवणाच्या वेळी, न कळवता जावे. भरवताना माणूस बसता आहे की आडवा, पहिला घास गिळून झाल्यावर दुसरा दिला जातो का, पाणी पिताना ठसका लागतो आहे का, कवळी तोंडात आहे की डबीत, हे पाच मिनिटांत दिसते. नाकातून अन्नाची नळी असेल तर डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश वर हवी आणि अन्न दिल्यानंतरही अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायला हवी. नाकपुडीजवळची नळीवरची खूण आधी तपासायची, कारण नळी बाहेर सरकली असेल तर पेज फुप्फुसात जाऊ शकते. एका वेळी दोनशे ते अडीचशे मिली, सिरिंज उंच धरून आपल्या भाराने उतरू द्यायचे, नंतर साधारण तीस मिली पाणी. घाईत दट्ट्याने ढकलले की उलटी होते, आणि ती श्वासनलिकेत गेली की न्यूमोनिया. लघवीच्या नळीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली हवी, पण जमिनीवर टेकलेली नको. मुळात ती नळी कोणत्या वैद्यकीय कारणाने घातली, ते फाइलमध्ये लिहिलेले असले पाहिजे. डायपरचे काम वाचावे हे कारण होऊ शकत नाही.

सकाळी अकरा वाजता सगळे गाढ झोपलेले असतील तर त्या शांततेने भारावून जाऊ नये. औषधांचा तक्ता मागावा. झोपेची किंवा ‘शांत राहण्याची’ गोळी कोणी, कधीपासून, कोणत्या डॉक्टरांच्या सहीने सुरू केली हे त्यात दिसले पाहिजे. मनगटावर पट्टी बांधल्याचा वळ दिसला तर त्याच दिवशी लेखी विचारणा करावी.

हे सगळे बिघडते ते बहुतेक कामाला असलेल्या माणसांच्या कमी संख्येमुळे. साधा हिशेब करा. बारा जण अंथरुणाला खिळलेले आहेत, प्रत्येकाला वळवायला, डायपर बघायला दोघांना दहा मिनिटे लागतात. एक फेरी दोन तासांची झाली, म्हणजे ती संपते तेव्हा दुसरी सुरू करायची वेळ झालेली असते. दोघे रात्रभर फक्त एवढेच करतील. मग बारा तासांच्या रात्रपाळीला एकच मावशी असेल तर वळवणे होणारच नाही, ती कितीही मनाने चांगली असली तरी. म्हणून ‘तुमच्याकडे स्टाफ किती’ असे मोघम विचारू नये. रात्री किती, त्यात नोंदणीकृत नर्स किती, आणि सेविका पुरवणाऱ्या ब्यूरोकडून आलेली बाई दर आठवड्याला बदलते का, हे विचारावे. दोष मावशींवर टाकून मोकळे होणे अन्यायाचे आहे. पाळ्या मालक लावतात.

कायद्याचा आधार आपल्याकडे जुना आहे. १९४९च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याच्या व्याख्येत आजारी आणि जखमी माणसांबरोबर दुर्बलतेमुळे शुश्रूषा लागणाऱ्यांना ठेवून घेणारी जागाही येते. नळीने अन्न देणारे, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी सांभाळणारे, जखमांचे ड्रेसिंग करणारे केंद्र या व्याख्येबाहेर कसे राहू शकते? तरीही नुसत्या ट्रस्ट किंवा दुकान नोंदणीवर अशी केंद्रे चालतात. महापालिकांच्या आरोग्य विभागांनी त्यांची यादी करून नोंदणी सक्तीची करावी आणि तपासणीचे अहवाल जाहीर करावेत. अमेरिकेत सरकार २००८ पासून नर्सिंग होमना दर्जानुसार तारे देते, आणि कर्मचाऱ्यांचे तास, बेडसोअरचे प्रमाण, तपासणीत सापडलेल्या त्रुटी कुणालाही पाहता येतात. तिथे राहणारी मराठी मुले तिथल्या केंद्राबद्दल हे सगळे वाचू शकतात. इकडे आईवडिलांसाठी केंद्र निवडताना त्यांना गुगलवरच्या ताऱ्यांवर विसंबावे लागते.

नोंदणी होईल तेव्हा होवो, दाखल करण्याच्या दिवशी एक काम मात्र आजही करता येते. केंद्राच्या नर्ससमोर डोक्यापासून टाचांपर्यंत कातडी पाहावी, असलेल्या प्रत्येक जखमेची जागा आणि सेंटिमीटरमधली लांबी-रुंदी लिहावी, वजन किंवा दंडाचा घेर लिहावा, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढावा आणि कागदावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. पुढे जखम निघाली की ‘ती रुग्णालयातूनच आली होती’ असे सांगितले जाते, आणि तो कागद नसेल तर नातेवाइकांकडे उत्तर नसते.

आपले,
वृद्ध-शुश्रूषेच्या कामातील वाचक, पुणे