मंद्या, रिसॉर्ट रद्द कर

पुणे, १२ जून

प्रिय मंद्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "सुध्या, विपश्यना वगैरे करून आलास का? आवाज फार निवांत वाटतोय." ऑफिसच्या जिन्यात उभं राहून याचं उत्तर देता येईना, म्हणून हे पत्र.

विपश्यना नाही रे. मला दहा मिनिटंही डोळे मिटून बसवत नाही. मिटले की बॉस दिसतो. मी वेताळ टेकडीवर जातो, एवढंच. सुरुवात रक्तदाबामुळे झाली, त्यात अध्यात्म काही नव्हतं. आणि टेकडीवर जाऊन माणूस आपोआप शांत होतो असंही समजू नकोस. वर निम्मी मंडळी फ्लॅटचे भाव आणि शुगरचे आकडेच बोलत असतात.

फरक पडला तो एका दुर्बीणवाल्या काकांमुळे. कांचन गल्लीतून चढून वेताळबाबाच्या देवळाकडे निघालो होतो, तर त्यांनी वाटेतच अडवलं, "हे झाड कुठलं?" मला कडुलिंब आणि वड सोडून काय येतंय! मग अस्सल पुणेरी सुरात शिकवणी झाली. ती सालई. तिची साल पातळ कागदासारखी सुटते, डिंकाचा धूप होतो. पलीकडे दाटीनं उभी आहे ती उंदीरमारी, मूळची मध्य अमेरिकेची, वनखात्यानं लावलेली. तिच्याखाली फारसं काही उगवत नाही. "हिरवं दिसलं की जंगल म्हणू नका," हे वर.

तेव्हापासून सवयच लागली. फेब्रुवारीत गणेरीच्या निष्पर्ण फांद्यांवर पिवळीधमक फुलं बघितली, मेमध्ये बहावा. आणि गेल्या आठवड्यात नवरंग! हिवाळा तुमच्याकडे दक्षिणेत, अगदी श्रीलंकेपर्यंत काढून हा पठ्ठ्या पावसाच्या तोंडावर इकडे येतो. दोन सुरांची शीळ ऐकू येत होती, पक्षी काही दिसेना. पाचोळ्याकडे बघत उकिडवा बसलो. पाय भरून आले, डास चावले. शेवटी पाचोळा उलटत तो पुढे आला. पोटाखाली लाल, पाठ हिरवी, पंखावर निळा. घरी आल्यावर बायको म्हणाली, "अप्रेझलचं काय झालं?" तेव्हा आठवलं की आज अप्रेझल होतं.

मन रिकामं करा म्हणतात, ते माझ्याच्यानं होत नाही. पण दुसरीकडे गुंतवता येतं, आणि तेही अशा कशात तरी, ज्याला माझ्याशी काही देणंघेणं नाही. नवरंगाला माझं प्रमोशन माहीत नाही. याचा मला किती आधार वाटतो, तुला सांगू!

तुला पुरावा लागतोच, म्हणून: रॉजर उलरिच या संशोधकानं १९८४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास छापला होता. अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले रुग्ण. काहींच्या खिडकीतून झाडं दिसायची, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले, वेदनाशामक कडक औषधंही त्यांना कमी लागली. रुग्ण फक्त ४६ होते, त्यामुळे डोक्यावर घेऊन नाचू नकोस, पण आपल्या क्यूबिकलची भिंत आठवून बघ.

एक मात्र आहे. जीव लागला की राग येण्याचीही सोय होते. टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा रस्ता काढायचा घाट घातलाय, २०२३ साली त्याविरुद्ध पुणेकरांनी मोर्चा काढला होता. पूर्वी मी असल्या बातम्या चाळून पुढे जायचो. आता नकाशा काढून बघतो, सालई कुठे येते.

तर कुर्गचं ते 'वेलनेस' रिसॉर्ट रद्द कर. पैसे परत मिळतात का बघ, नाही मिळाले तरी ये. जुलैत ये, वहिनींनाही आण. पक्षी त्यांना तुझ्याआधी दिसतील, पैज लाव. बूट जुने घाल, चिखल असतो. आणि तो तुझा ब्लूटूथ स्पीकर घरीच ठेव. काका हाकलून देतील, आणि मी मध्ये पडणार नाही.

तुझा,
सुध्या