ऑपरेशन अर्ध्या तासाचं, पैसे लागतायत रात्रीसाठी

नमस्कार मंडळी, पूर्व भागातल्या आपल्या मंडळाकडून हा मेसेज, जरा लांबलाय पण पूर्ण वाचा. आपल्याच गल्लीत राहणाऱ्या, टॉवेलच्या कारखान्यात कामाला असलेल्या एका पोराचं बाळ ३० आठवड्यांतच झालं, बरेच दिवस पेटीत होतं, आता १० आठवड्यांचं झालंय तर जांघेत हर्निया निघाला. कमी दिवसांच्या बाळांत हे जास्त होतं, आणि थांबायची पण सोय नाही, आतडं अडकलं तर रात्री-अपरात्री पळापळ.

वर्गणीला फिरताना दोघा-तिघांनी विचारलं की एवढुशा ऑपरेशनला ५५ हजार कशाला, आमच्या पोराला तर संध्याकाळी घरी सोडलं होतं. बरोबर आहे, पण तुमचं पोरगं दिवस भरून आलेलं. कमी दिवसांच्या बाळाला भूल दिली की नंतर झोपेत मधेच श्वास थांबायची भीती असते, गर्भातले आठवडे धरून साधारण ६० आठवड्यांचं होईपर्यंत, आणि आपलं बाळ आत्ता कुठं ४० चं. अंगात रक्त कमी असेल तर धोका अजून वाढतो, म्हणून आधी हिमोग्लोबिन बघितलं.

भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी घरच्यांना बसवून समजावलं (आम्ही पण होतो की, सगळं काय डोक्यात शिरलं नाही). एक तर गॅसची पूर्ण भूल, नाहीतर कमरेत इंजेक्शन देऊन बाळ जागं ठेवून करायचं. कमरेतल्या इंजेक्शनचा असर तासभराचा, काम लांबलं तर गॅस द्यावाच लागतो, म्हणून दोन्हीची तयारी. बापाला धास्ती की गॅसनं मेंदूवर परिणाम होईल. त्यावर ७ देशांत ७२२ बाळांवर अभ्यास झालाय, तासाभराच्या आतली गॅसची भूल घेतलेली पोरं ५ वर्षांची झाल्यावर तपासली तर जागं ठेवून केलेल्यांपेक्षा बुद्धीत मागं नव्हती. कमरेतल्या इंजेक्शननं पहिल्या अर्ध्या तासात श्वास थांबणं कमी, पण पुढच्या १२ तासांत फारसा फरक नाही. म्हणजे भूल कुठलीही घ्या, रात्रभर मॉनिटर लावलेला बेड, बाळाला ऊब आणि बघायला नर्स हे लागणारच. पैसे त्याचेच. स्वस्तात करून लगेच घरी सोडतो म्हणणारे पण भेटले, त्यांना आम्हीच नको म्हणलं.

सरकारी योजनेत किती बसतंय ते बघणं चालूय, कागद दिलेत. उरेल ते परत किंवा पुढच्या बाळाला, तुम्ही सांगाल तसं.

ज्याला जमेल त्यानं मंडळाच्या ऑफिसात संध्याकाळी ७ नंतर यावं, शंभर-दोनशे पण चालतील, पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. पैसे नसतील तर बाळाच्या आईसोबत दोन रात्री थांबायला कुणी मावशी-काकू असतील तर सांगा, घरात दुसरं बाईमाणूस नाही. डबा गल्लीतच ठरलाय. आणि सर्दी-खोकला असलेल्यांनी कृपा करून बघायला येऊ नका, राग मानू नका.